पोचे आलेलं पातेलं

शनिवारी सकाळीच यानारा आली,
हातमोजे, व्हिनेगर आणि तीन खोकी घेऊन.
खोक्यांवर लिहिलं: ठेवायचं. द्यायचं. टाकायचं.
"इस्मेनिया मावशी," म्हणाली, "आज दयामाया नाही."

व्हालपाराईसोच्या या टेकडीवर
ओट्याशी उभं राहिलं की बंदर दिसतं.
दिसायचं, म्हणजे. तळणीचा धूर काचेवर बसून बसून
जहाजं पिवळी पडली होती.
तिनं आधी ती काच घेतली.
जहाजं परत आपापल्या रंगावर आली
आणि मला उगाच उघड्यावर आल्यासारखं झालं.

मग कपाट.
आइस्क्रीमचे डबे नऊ, आइस्क्रीम एकातही नाही:
राजमा, राजमा, बटणं, राजमा.
झाकणं सोळा, डबे अकरा,
कुणाचीच पत्रिका कुणाशी जुळेना.
पिशव्यांनी भरलेली पिशवी, तिच्या पोटात आणखी एक.
मिरचीपुडीच्या बाटलीवरची तारीख
माझ्या घटस्फोटाच्या आधीची.
"वास तरी घे," मी म्हटलं. तिनं घेतला. शिंकली.
"बघ, जिवंत आहे की!"
तरीही टाकली.

सगळ्यात खालून, नारिंगी सिलिंडरमागून,
तिनं ते ओढून काढलं.
बूड एका अंगाला चेपलेलं, कडेला पोचेच पोचे,
ओट्यावर ठेवलं तर डुगडुगलं.
"यात काही शिजतं तरी का?"
नाही.
"मग?"

मग काय सांगू.
त्र्याऐंशी साल, थंडीच्या तोंडाशी, रात्रीचे आठ.
दिवे घालवून आम्ही खिडक्यांमागे उभ्या.
तोंड उघडायची सोय नव्हती.
पण घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच,
त्या रात्री अख्ख्या टेकडीचं लागलं.

हे यानाराला ठाऊक आहे, शाळेत शिकवतात.
मावशी शूर, असं तिनं धरूनच ठेवलंय.
पुढचं मी कधी सांगितलं नव्हतं.
पहिला ठोका खालच्या फ्रेसियाचा.
मी मोजत होते. अकरा खिडक्या वाजल्यावर
मी डाव उचलला.
आणि पातेलंही माझं नव्हतं.
माझी लग्नातली, नवीकोरी, त्यांना पोचे येतील म्हणून
फ्रेसियाकडून उसनं आणलेलं बडवलं.

यानारा बराच वेळ स्पंज पिळत राहिली.
'परत करायचं' असं खोकं तिच्याकडे नव्हतं.

रिकामं भांडं कुणाच्या दारात नेऊ नये
म्हणून सहा अंजीर घातले
आणि त्रेपन्न पायऱ्या उतरले, गुडघ्यांना शिव्या देत.

फ्रेसियानं चष्मा लावला.
पातेलं उपडं केलं, बुडावर टिचकी मारली,
कान लावून ऐकलं.
"हे माझं नाही."
"तुझंच आहे, बये."
"माझं माझ्याकडे आहे," म्हणाली, आणि फडताळातून
तसलंच एक लंगडं पातेलं काढून समोर ठेवलं.

मग हे कुणाचं?
चहा गार होईपर्यंत आम्ही त्या अकरा खिडक्या
बोटांवर मोजल्या. शिंपीण. पोस्टातला ओर्तेन्सियो.
स्वीडनला गेलेले ते दोघे.
कोपऱ्यावरची ती, जिचा मुलगा...
सातव्या खिडकीशी दोघीही अडलो.
दिवा दिसत होता, पडदा दिसत होता, हिरवट.
नाव काही येईना.

वर आले ती पातेलं घेऊनच.
आत फ्रेसियाची चार अंडी.
यानारानं माझ्याकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं,
आणि पुसलेल्या फळीवर, अगदी मधोमध,
जागा करून दिली.

रात्री जमीन जराशी हलली. आमच्याकडे हलतेच.
लखलखीत ओटा, ओळीत लावलेले डबे, झाकणं जागच्या जागी,
आणि सगळ्यांच्या आधी
तेच वाजलं.